पालथी याट

वडघाट, आर्णीच्या दक्षिणेस, जि. यवतमाळ
२ जून १९५७

तीर्थरूप काकांस विमलचा जयभीम.

आज सकाळी आम्ही याटीखालच्या शेळ्या बाहेर काढल्या. आपण शेवटचे आलात तेव्हा जंगलखात्याचा साहेब त्या याटीत, म्हणजे शिडाच्या होडीत, बसून पैनगंगेच्या डोहात शीड उभारीत असे आणि दोऱ्या ओढायला बाबा असत. साहेब विलायतेला परतला तेव्हा ती बाबांना देऊन गेला. नदीवर ठेवली तर कुणी जाळील म्हणून बाबांनी ती वस्तीत आणली आणि चार मातीच्या भिंतींवर पालथी घातली. दहा वर्षे ती शेळ्यांचे छप्पर आहे. आता ती पुन्हा पाण्यात घालायची असे वस्तीने ठरविले आहे.

कारण सांगते. गेल्या वर्षी दीक्षा घेतल्यावर आपल्या लोकांनी गावची मेलेली ढोरे ओढणे सोडले. गावाने त्यावर काही म्हटले नाही. फक्त नदीपार नेणारा घाटाचा डोंगा आपल्यासाठी बंद झाला. पूर्वीही शेवटच्या खेपेला, ढोरांबरोबर उभे करून नेत, ते आपण जाणताच. आता आपले माणूस घाटावर दिसले की भोई म्हणतो, "डोंगा गळून राह्यला." दुसरे कुणी आले की गळत नाही.

उन्हाळ्यात नदी पायी उतरता येते. पावसाळ्यापासून पुढे पौषापर्यंत येत नाही, आणि कापसाची वेचणी त्याच दिवसांत असते. अलीकडच्या शेतांत आम्हाला काम बंद आहे. पलीकडे तांड्याचे नाईक हिरासिंग यांच्या कापसात काम आहे, पण पलीकडे जायचे कसे? घाटाचा ठेका पाटलांच्या घरातच आहे. ते चारचौघांत म्हणाले, "वेचणीपर्यंत पाहू. भुकेनं वाकले की येतीन ढोरं ओढाले."

आपण माझगावला नौका बांधण्याच्या गोदीत आहात. दहा वर्षे उन्हात पडलेली नौका पाण्यात कशी घालावी, ते कळवावे.

आपली,
विमल श्रावण पाझारे

*

माझगाव, मुंबई
११ जून १९५७

चि. विमल हीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. मी नौका बांधण्याच्या गोदीत आहे हे खरे. परंतु तेथे मी हिशेब पाहतो, नौका नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेल्या मनुष्यास सुतारकाम येत असावे, हा समज तुझ्या वडिलांचा दिसतो.

यॉट ही करमणुकीची वस्तू आहे. दोन-तीन साहेबांनी थंडीच्या दिवसांत, जाकिटे घालून, थांबलेल्या पाण्यात फिरावे, एवढ्यासाठी ती बांधलेली असते. तीत बायकापोरांची वस्ती भरून वाहत्या पैनगंगेत घालणे हे धाडस नसून बेफिकिरी आहे. किती जणांना पोहता येते, हे तू लिहिलेले नाही.

नावाडी जातीवरून नाकारीत असेल, तर त्यासाठी दोन वर्षांपूर्वीचा कायदा आहे. रीतसर अर्ज करावा, तारीख-वार घटना लिहाव्यात, साक्षीदारांची नावे द्यावीत. तोवर दोन तरुणांना माझ्याकडे पाठविल्यास गोदीत काम मिळवून देता येईल.

शेळ्यांना पाऊस लागण्यापूर्वी पुन्हा छप्पर करून द्यावे.

तुझा काका,
उकंडराव पाझारे, बी. कॉम.

*

वडघाट
२४ जून १९५७

तीर्थरूप काकांस विमलचा जयभीम.

शेळ्यांना गवताचे छप्पर केले. आपण विचारपूस केली हे त्यांना सांगितले.

अर्ज आम्ही फेब्रुवारीतच केला होता. तारीख-वार केला, साक्षीदार दिले. चौकशीला साहेब आले, पाटलांकडे जेवले, डोंग्यात बसून पलीकडे गेले आणि परत आले. त्या दिवशी डोंगा गळला नाही. 'तक्रारीत तथ्य आढळत नाही' असे उत्तर आले. दोन तरुण मुंबईला पाठविले तर ते वाचतील, उरलेले वाकतील. पाटलांना तेच हवे आहे.

पोहता सगळ्यांना येते, काका. आपल्याला येत नव्हते असे आई म्हणते.

याट सरळ करून दगडांवर बसविली आहे. तळ आणि फळ्या सागवानी, वाळवी लागलेली नाही. फळ्यांमध्ये मात्र अशा फटी पडल्या आहेत की बोट जाते. गावच्या सुताराने येण्यास नकार दिला. परवा नदीच्या उतारातून हिरासिंग नाईक बघायला आले. आत डोकावून बघत राहिले.

"श्रावणभाऊ, हिच्यातून तं चंद्र दिसते."

"दिसू द्या," आई म्हणाली. "कंदिलाचा खर्च वाचला."

"वैनी, हसून नका राहू. माह्या कापसाले पाय नाही, थो नदी उतरून तुमच्याकडे येत नाही. दिवाळी झाली का मले माणसं पाह्यजे. तुमी नाही आले तं मी दुसरे लावीन, मंग मले बोल नाही लावाचा."

"नाईक, आमी येतो," बाबा म्हणाले. "पोहत आलो तरी येतो."

"पोहत येऊन ओल्या हातानं कापूस वेचसान? नासते ना थो."

जाताना ते म्हणाले की जिभेने होडी होत असती तर ही केव्हाच झाली असती. आईला हे बोलणे आवडले. ती तेव्हापासून कामाला लागली आहे.

आता आपण सांगावे. नाही सांगितले तरी आम्ही करू. पण मग चुकीचे करू.

आपली,
विमल

*

माझगाव
६ जुलै १९५७

चि. विमल हीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या शेवटच्या वाक्यातील धमकी मला कळली. माझी संमती नाही. परंतु एखादी गोष्ट होणारच असेल तर ती अचूक व्हावी, याच मताचा मी आहे.

पार्सलाने तांब्याचे खिळे व एक जुने शीड पाठवीत आहे. शीड गोदीने टाकून दिलेले होते आणि ते मी मागून घेतले. लोखंडी खिळे वापरू नयेत, ते पाण्यात गंजतात. फटी भरण्यासाठी कापूस वापरतात, हे वाचून तुला नवल वाटेल. तो तुमच्याकडे आहेच. कापसाचा पीळ करून फटीत बसवावा व वरून जवसाचे तेल आणि खडूची भुकटी मळून त्याचा लेप द्यावा. फट पूर्ण भरली पाहिजे. सुई शिरेल इतकीही जागा राहू नये.

मधोमध पोटात एक लोखंडी पाते असावे, जे दोरीने खाली सोडता येते. त्यावाचून नौका वाऱ्याने आडवी सरकते. ते आहे काय? डोलकाठी कोठे आहे, हेही तू लिहिलेले नाही.

एका खेपेस आठांहून अधिक माणसे बसवू नयेत. हा आकडा घासाघिशीसाठी नाही.

तुझा काका,
उकंडराव

*

वडघाट
१८ ऑगस्ट १९५७

तीर्थरूप काकांस विमलचा जयभीम.

पार्सल पोचले. पाते आहे. बाबांनी ते इतकी वर्षे चुलीमागे ठेवले होते आणि आई त्यावर भाकरी थापीत होती.

डोलकाठीचे विचारलेत. दीक्षेनंतर वस्तीत झेंडा लावायला उंच खांब हवा होता, म्हणून डोलकाठीच उभी केली होती. ती काढायची म्हटल्यावर भांडण झाले. "झेंडा खाली येनार नाही," आई म्हणाली. बाबा म्हणाले, "अवो, काठीसंगं झेंडाही याटीवर जाईन." मग काठी निघाली.

आता मुख्य गोष्ट. फटी आमच्या बायकांनी भरल्या. आई, इंदूबाई आणि आणखी चौघी आर्णीच्या कापसाच्या जिनात दहा-दहा वर्षे गठाणी बांधायच्या कामावर होत्या. कापूस दाबणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. बाभळीच्या पाचरी केल्या आणि मोगरीने ठोकून कापूस असा बसविला की फळी आणि कापूस यांत फरक कळू नये. एका फटीत मावणार नाही इतका कापूस इंदूबाईने मावविला आणि वर म्हणाली, "आपल्या गठाणीतून विलायतेले कापूस गेला, पन कंदी कोनाची गठाण उकलली नाही." सुई काय, हवाही शिरत नाही. आपण असता तर खूश झाला असता.

बाबा संध्याकाळी सगळ्यांना याटीत बसवून शिकवतात. याट अंगणात दगडांवर, शीड उभे. साहेब जे ओरडे तेच बाबा ओरडतात, आणि त्याचा अर्थ त्यांना माहीत नाही. "लीयो" म्हटले की डोकी वाकवायची आणि पलीकडे सरकायचे, कारण वरचा आडवा वासा फिरतो. धर्मपाल (आपला पूर्वीचा झिंगर) दोनदा वाकला नाही, तिसऱ्यांदा वाकला.

काल पाटलांचा मुलगा बांधावरून जाताना थांबला. "काहो श्रावण, होडी तं झाली, पानी कुठी हाय?"

"तुमच्या डोळ्यात येईन," आईने आतूनच सांगितले.

पोळा झाला की पुढच्या रविवारी, १ सप्टेंबरला, याट पाण्यात घालतो.

आपली,
विमल

*

माझगाव
२९ ऑगस्ट १९५७

चि. विमल,

नौका पाण्यात घालू नये. हे पत्र प्रथम वाचून दाखवावे, मग बाकीची कामे.

आज दुपारी माझ्या खिडकीखाली एक यॉट धक्क्यावरून उतरविण्यात आली आणि पाहता पाहता तीत पाणी भरले. अपघात झाला असे समजून मी जिना उतरून धावलो. खाली कोणीही गडबडीत नव्हते. पावसाळाभर कोरडी ठेवलेली नौका प्रथम बुडवूनच ठेवतात, म्हणजे लाकूड पाणी पिऊन फुगते व फटी आपोआप मिटतात. वीस वर्षे मी या खिडकीशी बसतो.

तुमची नौका दहा उन्हाळे कोरडी आहे. तिचे लाकूड पुष्कळ फुगेल, व त्यास फुगण्यासाठी जागा हवी. कापूस सैल असावा लागतो. तुम्ही तो गठाणीसारखा दाबला आहे. फळ्या एकमेकींना रेटतील आणि सुटतील.

माझे ६ जुलैचे पत्र रद्द समजावे.

उकंडराव

*

वडघाट
४ सप्टेंबर १९५७

तीर्थरूप काकांस विमलचा जयभीम.

आपले रद्दपत्र मंगळवारी पोचले. याट रविवारी पाण्यात गेली होती.

झाले ते लिहिते. सकाळी हिरासिंग नाईकांचे बैल नदी पोहून अलीकडे आले. बैलांनी याट ओढली आणि ती डोहाच्या काठाला पाण्यात घातली. गाव बघायला जमले होते. पाण्याचा एक थेंब आत आला नाही. बाबांनी तळाला हात फिरवून कोरडा हात सगळ्यांना दाखविला. वारा नव्हता म्हणून शीड उद्या उभारू असे ठरले. सोमवारी दुपारी आम्ही आत बसलो असताना एकाएकी बार झाल्यासारखा आवाज आला. मग दुसरा. डाव्या अंगाच्या तीन फळ्या खिळ्यांतून सुटून बाहेर आल्या आणि आतली एक फासळी मोडली. कापूस पाण्यात भिजून जिभेसारखा बाहेर लोंबत होता. कमरेइतक्या पाण्यात आम्ही उभे राहिलो.

गाव हसले नाही. पाटील काठावर होते. त्यांनी भोयाला विचारले, "काय रे, आपला डोंगा गळते काय?"

"नाही जी. आज नाही गळत."

बस, एवढेच बोलले. त्या संध्याकाळी धर्मपालचे घर पाटलांकडे कामाला गेले. आणखी दोन घरे जाणार असे ऐकते. इंदूबाई याटीकडे फिरकत नाही. तिने सगळ्यांत जास्त ठोकले होते, आणि तिच्याच फटीची फळी आधी सुटली.

सुई शिरू नये असे आपण लिहिले होते. आम्ही शिरू दिली नाही. वेचणीला अजून वेळ आहे. पुन्हा करायचे की शेळ्यांना बोलवायचे, ते स्पष्ट सांगावे. या वेळी आधी खिडकीतून बघून सांगावे.

आपली,
विमल

*

माझगाव
११ सप्टेंबर १९५७

चि. विमल हीस अनेक आशीर्वाद.

चूक माझी आहे. ती इंदूबाईंच्या कामाच्या नावावर टाकली जाऊ नये, हे त्यांना माझ्या शब्दांत वाचून दाखवावे. त्यांनी सांगितलेले काम सांगितल्याहून चांगले केले. सांगणे चुकीचे होते.

पुन्हा करावे. या वेळी मी चार दिवस खाली उभा राहून पाहिले आहे. मोडलेल्या फासळीसाठी सरळ लाकूड वाकवू नये. नांगरासाठी जसे वाकडेच वाढलेले बाभळीचे लाकूड निवडतात, तसे त्या बाकाचे शोधावे. जुना कापूस सर्व काढावा. नवा, दिव्याची वात वळतात तितपत वळून, बोटाने बसवावा. मोगरी दूर ठेवावी. फटीत कापसावर जागा उरली पाहिजे. लेप पातळ द्यावा. त्यानंतर नौका उथळ पाण्यात नेऊन दगड भरून बुडवावी आणि बुडालेलीच ठेवावी. लाकूड किती दिवसांत भरेल ते येथे कोणी सांगू शकत नाही. बाहेर काढून, उपसून पाहावे, पाणी आले तर पुन्हा बुडवावे.

गाव याला दुसरा अपघात समजेल. समजू द्यावे.

मी वडघाटास पुन्हा का आलो नाही, हे तू कधी विचारले नाहीस, तेही सांगतो. १९३९ साली मी किनवटच्या गाडीने उतरून पलीकडच्या काठावर आलो. अंगात कोट होता. भोयाने ओळखले आणि दुपारपर्यंत थांबविले. ढोरांची खेप आली तेव्हा तीत घेतले. दोन म्हशींच्या मध्ये उभा राहून मी नदी ओलांडली व वरून त्यास मजुरीही दिली. त्या डोंग्यात पुन्हा पाय ठेवणार नाही, असे मी त्या दिवशी ठरविले आणि आजवर पाळले. वडघाटास येण्याचा दुसरा मार्ग असू शकतो, हे मात्र मला तुझ्या पत्रांनी सुचले.

होय, मला पोहता येत नाही.

तुझा काका,
उकंडराव

*

वडघाट
१७ ऑक्टोबर १९५७

तीर्थरूप काकांस विमलचा जयभीम.

आपले पत्र वाचल्यावर इंदूबाई म्हणाली, "मुंबईचा माणूस, चूक माही हाय म्हनते? पुन्हा वाच." मी पुन्हा वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच जुना कापूस उपसायला घेतला.

बाकाची बाभूळ हिरासिंग नाईकांच्या बांधावर मिळाली. नाईकांच्या बायकोने, लालीबाईने, ती पाडू दिली नव्हती. सावलीला होती म्हणून. मग नाईकांनी तिला सांगितले की झाड राहिले तर कापूस राहील, वेचायला कुणी येणार नाही. तिने सांगितले, घेऊन जा, पण पहिल्या दिवशी मी तुमच्या याटीत बसणार. ओंडका तांड्याच्या पोरांनी पाण्यात तरंगवत अलीकडे आणला.

सप्टेंबरच्या अखेरीस याट बुडविली. गावाला फार आनंद झाला. यावेळी ते हसले. पाटलांचा मुलगा रोज घाटावर येऊन पाण्याबाहेर याटीचे टोक किती उरले ते मोजत असे. "श्रावणभाऊ, नदीले भांडं वाह्यलं काय?" बाबा म्हणत, "हो जी. उष्टं होतं, भिजू घातलं."

एक दिवस बघते तो धर्मपाल पाण्यात उतरून सरकलेले दगड पुन्हा बसवीत होता. आई काठावर होती. तिने विचारले, "काहून बा? तिकडं काम नाही?"

"हाय ना. पाटलाचा बैल मेला. मले म्हणते ओढ."

"मंग?"

"मंग काय. दोर हातात घेतला. बायको म्हने, ओढाचा असन तं घरी येऊ नको. बैल तिथंच हाय."

"नावाचं काय करतं? झिंगर का धर्मपाल?"

"काकू, दगड जड हाय. आधी हे धरू लाग."

दोनदा याट वर काढली, दोनदा पाणी आले, दोनदा पुन्हा बुडविली. तिसऱ्यांदा उपसली आणि आम्ही रात्र होईपर्यंत बघत बसलो. तळाला ओल होती, पाणी नव्हते.

१४ ऑक्टोबरला दीक्षेला वर्ष झाले. त्या सकाळी डोलकाठी बसविली, झेंड्यासकट. वारा उत्तरेचा, पाठीमागून होता. आठ माणसे बसलो. आपला आकडा पाळला. बाबांनी शीड सोडले तेव्हा ते एकदा फडफडले आणि मग असे फुगले की दोरीने धर्मपालला जागेवरून उठविले. डोंग्याला वल्ही मारीत जितका वेळ लागतो त्याच्या निम्म्यात पलीकडचा काठ आला. लालीबाई तिथे नटून उभी होती. आम्ही उतरण्याआधी ती चढली. तिला फिरवून आणावे लागले.

परत आलो तर भोई काठावर थांबला होता. पाटलांचा निरोप घेऊन आला होता: उद्यापासून डोंगा आपल्या लोकांसाठी खुला, दिवसा, पहिल्या खेपेला, बसून. याट तेवढी काढून घ्यावी. आणि मेलेली ढोरे, फक्त तेवढीच, पूर्वीसारखी.

आई म्हणाली, "म्हनाव, डोंगा गळू द्या आता."

आपली,
विमल

*

वडघाट
५ नोव्हेंबर १९५७

तीर्थरूप काकांस विमलचा जयभीम.

वेचणी चालू झाली. सूर्य उगवताच पहिली खेप सुटते. तिसऱ्या खेपेपर्यंत सगळी वस्ती पलीकडे असते.

पाटलांनी तालुक्याच्या कचेरीत तक्रार केली आहे: सरकारी घाटावर बिनपरवाना होडी चालते म्हणून. नोटीस निघाली असे कळते. बाबा खचले नाहीत, पण ज्यांच्या घरी लहान मुले आहेत ते घाबरले आहेत. याट जप्त झाली तर वेचणी अर्ध्यावर राहील आणि मग पुन्हा तेच. परवान्यासाठी आम्ही अर्ज करावा काय? केल्यास कसा लिहावा? निकाल लागेपर्यंत याट बांधून ठेवावी, असे काही जण म्हणतात. आपला अर्जांवर विश्वास आहे म्हणून विचारते.

आपली,
विमल

*

माझगाव
१० नोव्हेंबर १९५७

चि. विमल हीस जयभीम.

अर्ज करू नये.

परवाना मागणे म्हणजे परवान्याची गरज मान्य करणे. घाटाच्या कायद्याची प्रत मी मिळविली व संपूर्ण वाचली. ठेकेदाराचा हक्क भाड्याने माणसे नेण्याचा आहे. स्वतःच्या होडीतून स्वतः जाणाऱ्यास त्यात मनाई नाही. म्हणून दोन गोष्टी कराव्यात. याट वस्तीतल्या प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषाच्या सामाईक मालकीची आहे, असे सभा भरवून ठरवावे. तीत माझेही नाव घालावे. आणि कोणाकडूनही, कोणत्याही रूपाने, काहीही घेऊ नये. पैसा नाही, धान्य नाही, बिडी नाही. परक्यास नेलेच तर उपकार म्हणून न्यावे व त्याने काही दिले तर, हात मागे करून, नाकारावे. पाटील हुशार आहे. तो हेच करवून पाहील.

याट एक दिवसही बांधून ठेवू नये. बांधलेली याट ही कबुली ठरेल. कोणास धरून नेण्याची वेळ आली, तर मालक म्हणून मला तारेने बोलवावे. मी किनवटास उतरून दक्षिण काठावर येऊन उभा राहीन. तेथून मला कशातून आणायचे, ते तुम्हाला ठाऊक आहे.

उकंडराव पाझारे

*

वडघाट
१९ नोव्हेंबर १९५७

तीर्थरूप काकांस विमलचा जयभीम.

सभा झाली. आपल्यासकट सगळे मालक झालो.

नोटीस काल आली. पहिली खेप सुटत असताना कचेरीचे शिपाई देवीलाल काठावर धावत आले. "थांबा, थांबा. होडीचा मालक कोन हाय?" बाबा सुकाणूवर होते. म्हणाले, "वारा मागून हाय जी, आता थांबता येत नाही. या आत." मागे वळता येते हे मला माहीत आहे, काका. देवीलालना माहीत नव्हते. ते गुडघाभर पाण्यात येऊन चढले. धर्मपाल उतरला, म्हणजे आठच राहिलो.

मध्यावर आल्यावर त्यांनी कागद काढला. "बोला, मालक कोन?"

"मी," आई म्हणाली.

"मी," इंदूबाई म्हणाली. मग सगळ्यांनी म्हटले.

"अहो, एकच प्रत हाय माह्याजवळ."

"मंग मोठ्यानं वाचा. सगळ्यांले पोचन."

त्यांनी वाचली. 'सदर होडी या पत्राच्या प्राप्तीपासून घाटावर चालवू नये.' वाचून होईपर्यंत पलीकडचा काठ लागला. पोच म्हणून मी सही केली, तारीख घातली आणि खाली लिहिले: 'पैनगंगेच्या दक्षिण तीरावर मिळाली.' देवीलालनी ते बघितले. "बाई, हा काठ तं दुसऱ्या जिल्ह्यात. इथं आमची कचेरी नाही."

"होय," मी म्हटले. "इथे फक्त कापूस आहे."

बाकीच्या बायका उतरून शेताकडे गेल्या. परतीच्या खेपेला बाबा, आई आणि मी, आणि पाहुणे एकटे देवीलाल. अलीकडे उतरताना त्यांनी खिशातून दोन आणे काढले. "घ्या ना. फुकटचं बसनं मले बरं नाही वाटत." वर घाटाच्या पायरीवर पाटलांचा मुलगा आणि आणखी दोघे उभे होते आणि ते तिघेही माझ्या हाताकडे बघत होते. मी हात मागे घेतले.

"घ्या, बाई."

"आपण आमचे पाहुणे. पैसे ठेवा."

त्यांनी पायरीकडे पाठ केली. मग हळूच म्हणाले, "मले देऊन पाह्यलं पाह्यजे, असं सांगतलं होतं. दिलं, तुमी नाही घेतलं. तसंच लिवतो." नाणे खिशात टाकून त्यांनी विचारले, उत्तर काय द्यायचे, म्हणजे कचेरीत सांगता येईल.

आई पुढच्या खेपेची माणसे याटीत बसवीत होती. तीच म्हणाली, "सांगा, दुसरी नोटीस आनाची असन तं सकाळी लवकर या. सूर्य निघाला का आमी सुटतो."

आपली,
विमल श्रावण पाझारे